मालक बदलला, वेल तोच : जुनी द्राक्षबाग पुन्हा उभी राहते कशी?



ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो. शेजारची जुनी द्राक्षबाग विकायला निघाली आहे, नाहीतर खंडाने मिळते आहे. मालक पुण्याला राहतो, बाग दोन-तीन वर्षे दुर्लक्षित आहे, पण वेल उभे आहेत, मांडव उभा आहे. ती घेऊन चालवावी, की सरळ मोडून ऊस लावावा? काही सभासद याच्या पुढचे विचारतात. वाईनच्या कंपन्या एकमेकींना विकल्या जातात असे ऐकतो, मग त्यांच्याशी करार करणाऱ्या शेतकऱ्याचे काय होते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्यात येतात, म्हणून या अंकात हा विषय थोडा विस्ताराने घेतला आहे.

आधी एक खुलासा करतो. पंढरीच्या वाटेवरचा आपला भाग आहे, सभासदांत माळकरी पुष्कळ आहेत. वाईन प्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. इथे आम्ही बोलतो आहोत ते वेलीबद्दल, जमिनीबद्दल आणि शेतकऱ्याच्या बिलाबद्दल.

द्राक्ष आपल्याला परके नाही

सोलापूर जिल्हा म्हणजे ऊस आणि ज्वारी एवढेच नव्हे. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवड करून 'सोनाका' हा लांब मण्यांचा वाण पुढे आणला, काळ्या द्राक्षांत 'शरद सीडलेस' दिला. हे वाण आज जिल्ह्याच्या बाहेर दूरवर पोचले आहेत. पंढरपूर तालुक्यातील कासेगावच्या बाजूला द्राक्ष आणि बेदाणा हे घराघराचे पीक आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' निवडला. हे सारे शेतकऱ्यांनी आपल्या बागेत डोळे उघडे ठेवून केलेले काम आहे.

वाईनचे द्राक्ष मात्र आपल्याकडे नवे. अकलूजच्या परिसरात २००६-०७ च्या सुमारास 'फ्रातेल्ली' ही कंपनी उभी राहिली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ' असा होतो. इटलीतील सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशी तीन घराणी त्यात एकत्र आली. पिएरो मासी नावाचे इटलीतील जाणकार वाईन करण्यासाठी बोलावले आणि सुमारे २४० एकरांवर परदेशातून आणलेली रोपे लावली. माळशिरस तालुक्याच्या माळरानावर इटलीची द्राक्षे येतील असे त्या वेळी कुणी म्हटले असते, तर लोक हसले असते. पण ती आली.

थंड मुलखातली वेल आणि आपली वेल

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बाग घेणारा बहुधा इथेच चुकतो.

द्राक्ष हे मूळचे थंड मुलखातले पीक. तिकडे हिवाळ्यात वेल पानगळ करून झोपी जाते. वसंतात फुटते, उन्हाळ्यात घड धरते आणि पाऊस-थंडी सुरू होण्याच्या आत पिकते. वर्षाला एक छाटणी, एक पीक. मणी सावकाश पिकतो, त्यामुळे साखर भरते तशी आंबटपणाही टिकतो. वाईनला हे दोन्ही लागते.

आपल्याकडे वेलीला झोप नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि उन्हाळा कसा असतो ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. म्हणून आपल्याकडे वेलीला छाटणीने वर्ष शिकवावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायची, ती घड काढण्यासाठी. घड वाढतात नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पिकतात जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे युरोपातला उन्हाळा जे काम करतो, ते आपल्याकडे हिवाळा करतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री हेच आपले थंड हवामान. मार्च उजाडला की रात्री तापतात, मण्यातली आम्लता झपाट्याने उतरते. म्हणून वाईनची द्राक्षे लवकर आणि पहाटेच्या गारव्यात तोडावी लागतात.

यातून निघणारा व्यवहाराचा मुद्दा असा. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड हा त्या वर्षीच्या मे-जूनमध्येच डोळ्यात ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात घडाची घडण होते. त्या काळात बागेला पाणी मिळाले नाही, फुटींची गर्दी झाली, उजेड आत गेला नाही, तर डोळा वांझ राहतो. मग फळछाटणीला कितीही खर्च करा, पेस्ट लावा, फवारा मारा, घड निघायचा नाही. म्हणून सप्टेंबरात बाग ताब्यात घेणारा माणूस खरे तर आधीच्या मालकाचा उन्हाळा विकत घेत असतो. जुनी बाग घ्यायचीच असेल, तर ती मार्चअखेर ताब्यात यावी. पहिली खरड छाटणी आपल्या हाताने व्हावी.

ब्रिक्स तोच, साखर वेगळी

ऊस उत्पादकाला ब्रिक्स समजावून सांगायला नको. तोडीआधी आपले कर्मचारी फडात रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात, तोच रिफ्रॅक्टोमीटर द्राक्षबागेतही चालतो. खाण्याची द्राक्षे साधारण अठरा ब्रिक्सच्या आसपास तोडतात, वाईनची वीस ते चोवीसच्या दरम्यान.

पण उसाच्या रसातली साखर ही सुक्रोज, तिचा दाणा पडतो. द्राक्षातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, तिचा आपल्या पॅनमध्ये दाणा पडत नाही. म्हणून द्राक्षाचे तीनच मार्ग. ताजे खा, वाळवून बेदाणा करा किंवा आंबवा. आंबवण्यात यीस्ट साखर खाते, तिच्या वजनाच्या साधारण निम्मा अल्कोहोल होतो आणि बाकीचा वायू होऊन उडून जातो. आसवनीत मळीचे जे होते, तीच रीत इथे चालते. फरक एवढाच की वाईनमध्ये ऊर्ध्वपातन नसते. रस जसा असेल तशी वाईन होते, म्हणून तिथे बागेला जास्त मान.

आणखी एक फरक फार महत्त्वाचा आहे. काबर्ने, शिराझ, सांजोवेझे, शेनां या वाईनच्या जातींचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया. मार्केट यार्डात तो घड कोण घेणार? बेदाणाही धड होत नाही. म्हणजे खरेदीदार एकच, वाईनचा कारखाना. त्याने नाही म्हटले की माल वेलीवरच. सोनाकाचे तसे नाही. निर्यात झाली नाही तर गावचा बाजार आहे, बाजार पडला तर बेदाणा आहे.

बाग पुन्हा उभी करण्याच्या पायऱ्या

दुर्लक्षित बाग म्हणजे मेलेली बाग नव्हे. वेल चिवट असते. पण उत्साहाच्या भरात पैसे घालण्याआधी क्रमाने पाहावे.

पहिले, मूळ आणि खुंट. वेल स्वतःच्या मुळावर आहे की डॉगरिजसारख्या खुंटावर, ते विचारावे. कलमाच्या सांध्यापाशी वाकून पाहिले तरी कळते. आपल्याकडे चुनखडीच्या आणि क्षाराच्या जमिनी पुष्कळ, पाणीही मचूळ. अशा ठिकाणी खुंटावरची बाग तग धरते. वरचे सगळे वाळले पण खुंट जिवंत असेल, तर बाग परत आणता येते. खुंटच गेला असेल तर ती बाग नव्हे, ते सरपण.

दुसरे, खोड आणि ओलांडे. खोडाला भोके आणि खाली भुसा दिसला तर खोड पोखरणारी अळी आत आहे असे समजावे. ओलांड्याची सुटलेली साल काढून खाली पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे. ओलांड्याचे किती हात वाळले, किती जागी डोळे उघडे पडले, ते ओळीने मोजावे. शंभर वेलींत किती जिवंत, किती अर्धमेल्या, किती जागा रिकाम्या, याचा कागद करावा. नजरअंदाज करू नये. दुरून डोंगर साजरे दिसतात, तशी दुरून बागही हिरवी दिसते.

तिसरे, माती, पाणी आणि देठ. मातीचे व पाण्याचे परीक्षण तर करावेच. वेल वाढती असेल तेव्हा पानाच्या देठाचेही परीक्षण करून घ्यावे. वेलीने खरोखर काय उचलले, ते देठ सांगतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले, त्यांच्या शिफारशी या बाबतीत आधाराला घ्याव्यात.

चौथे, मांडव आणि ठिबक. द्राक्षबागेत सर्वांत मोठा भांडवली खर्च लोखंडाचा आणि तारेचा. अँगल सरळ असतील, तार गंजून तुटत नसेल, तर जुन्या बागेत खरी किंमत तिथे आहे. ठिबकच्या नळ्या मात्र बहुधा क्षाराने बुजलेल्या असतात, त्या नव्या धराव्यात.

हे सारे पटले, तर काम असे चालते. वाळलेले ओलांडे निर्दयपणे कापून टाकायचे आणि खोडाजवळून निघालेली जोमदार फूट नवा ओलांडा म्हणून तारेवर वळवायची. ज्या वेली वरून गेल्या पण खुंट जिवंत, तिथे खुंटाची फूट वाढवून ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम भरायचे आणि थंडी सरल्यावर रिकट घ्यायचा. जात बदलायची असेल तरी हाच मार्ग. रिकाम्या जागी रोप लावले तर त्याला वेगळे पाणी द्यायचे आणि वरची सावली दूर ठेवायची, नाहीतर मोठ्या वेलींच्या गर्दीत ते रोप सुकते.

पहिल्या वर्षी घडाची हाव धरू नये. वेल अशक्त असते, तिच्यावर माल लादला तर दुसऱ्या वर्षी ती बसते. पहिले वर्ष सांगाडा बांधण्याचे, दुसऱ्या वर्षी हलका माल, तिसऱ्या वर्षी बाग रुळावर. अडीच-तीन वर्षे पदरचे घालावे लागते, हे आधीच हिशेबात धरावे. उसाचा खोडवा राखण्यासारखे हे सोपे नाही. शिवाय केवडा आणि भुरी वाट पाहत बसलेलेच असतात. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला तर एका आठवड्यात फुलोरा जातो.

मालक बदलतात तेव्हा

आता मोठ्या बागांची उदाहरणे पाहू.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे थंड बेट आहे. तिथे होबार्ट शहराजवळ क्लॉडिओ अल्कोर्सो या इटलीतून आलेल्या गृहस्थाने १९५८ साली द्राक्ष लावले. गृहस्थाचा धंदा कापडाचा, सोलापूरकराला ओळखीचा वाटावा असा. 'मूरिल्ला' या नावाची ती बाग पुढे आर्थिक अडचणीत आली आणि १९९५ साली डेव्हिड वॉल्श यांनी ती घेतली. नव्या मालकाने वाईनचा आकडा वाढवण्यापेक्षा दर्जा धरला आणि २०११ साली त्याच जागेवर मोठे कलासंग्रहालय उघडले. माणसे संग्रहालय बघायला येतात आणि वाईनही घेतात. बाग जगली, पण वेलीला दुसऱ्या उत्पन्नाची जोड मिळाली म्हणून.

आपल्या जवळचे उदाहरण दौंड-बारामतीच्या बाजूचे. पाटसहून बारामतीकडे जाताना रोटी गाव लागते. तिथे युनायटेड स्पिरिट्स या मोठ्या मद्यकंपनीने 'फोर सीझन्स' नावाने बागा लावल्या आणि राजवाड्यासारखी वायनरी बांधली. पुढे मूळ कंपनीचाच ताबा डियाजिओ या परदेशी कंपनीकडे गेला. त्यांचा भर दुसऱ्या मद्यांवर. २०१८-१९ च्या सुमारास फोर सीझन्सचे भाग विकले गेले आणि ती 'ग्रोव्हर झाम्पा' या वाईनच्याच धंद्यातील कंपनीकडे आली. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यातील 'चारोसा' ही वायनरीही ग्रोव्हर झाम्पाने घेतली. २०२१ मध्ये नाशिकच्या 'यॉर्क' वायनरीचा ताबा 'सुला'कडे गेला. या सगळ्यांत साम्य एक. ज्यांनी घेतले त्यांचा मूळ धंदा वाईनचाच होता, विक्रीची साखळी तयार होती आणि वाढलेल्या बागा, बांधलेली टाकीघरे आयती मिळाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात 'इंडेज' सुरू केली, फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन केली आणि परदेशी पाठवली. भारतात वाईन होते हे जगाला दाखवणाऱ्यांत हे नाव पहिल्या रांगेतले. पण पुढे परदेशात खरेदी केल्या, कर्ज वाढले आणि २००८ च्या जागतिक मंदीनंतर कंपनी कोसळली. त्याआधी शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले होते, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले होते आणि बघता बघता शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षे लावली होती. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वाईन टाक्यांत तुंबली. पुढच्या दोन हंगामांत नाशिक भागात कित्येक शेतकऱ्यांनी चांगल्या वाढलेल्या वेली उपटून टाकल्या. वेलीत काही दोष नव्हता. घेणारा उरला नव्हता.

शेतकऱ्याच्या बिलाचे काय?

आमच्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा.

ऊस घातला की १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आपल्या पाठीशी असते. चौदा दिवसांत किमान किंमत द्यायची, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. अंमलबजावणीत रडगाणी आहेत, ती आपण जाणतो. पण कायदा आहे, साखर आयुक्त आहेत, दाद मागायला दार आहे. वाईनच्या द्राक्षाला असे कुठलेही बंधन नाही. जे आहे ते करारात. करारात नसेल तर कुठेच नाही.

कंपनी विकली जाते तेव्हा दोन प्रकार होतात. एकात कंपनीचे भाग विकले जातात. कंपनी तीच राहते, म्हणून जुनी देणी आणि जुने करार तिच्याच गळ्यात राहतात. दुसऱ्यात नुसती मालमत्ता विकली जाते, म्हणजे जमीन, यंत्रे, टाक्या. मग नवा मालक म्हणू शकतो की तुमचे देणे जुन्या कंपनीचे, आमचा काय संबंध? आणि जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, तर तारण घेतलेल्या बँका आणि कामगार आधी उभे राहतात. विनातारण माल पुरवणारा बराच मागे. त्याच्यापर्यंत पैसा पोचेपर्यंत ताटात खरकटे उरले तरी नशीब.

सभासदांना हे वाचताना साखर कारखान्यांची आठवण झाली असेल, तर ती योग्यच आहे. महाराष्ट्रात कित्येक सहकारी कारखाने बँकांच्या कर्जापायी विकले गेले, काही भाडेपट्ट्याने गेले. धुराडे पुन्हा पेटले हे चांगलेच झाले, ऊस फडात वाळला नाही. पण पिढ्यांपूर्वी बैल विकून भाग घेतलेल्या माणसाच्या हातात कागद राहिला आणि वजनकाट्यावर तो नुसता ऊस पुरवठादार झाला. नव्या मालकाने कारखाना उभा केला म्हणून सभासदाची मालकी उभी राहत नाही. द्राक्षबागेचे तेच आहे. वेल तोच, माती तीच, घाम आपलाच, पण खातेवही कुणाच्या हातात आहे ते बघावे लागते.

सभासदांनी काय करावे?

शेजारची खाण्याच्या द्राक्षाची बाग घेत असाल, तर वर सांगितलेली मोजणी करा. निम्म्याहून जास्त वेली खुंटापर्यंत मेलेल्या असतील तर बागेचा मोह सोडा, मांडवाची किंमत वेगळी ठरवा. सातबारा, इतर हक्कांतला बोजा आणि पाण्याचा हक्क स्वतः पाहा. खंडाने घेत असाल तर वर्षा-दोन वर्षांचा करार करू नका. तीन वर्षे बाग सुधारण्यात जाणार आणि फळे मालक खाणार, असे होईल.

वाईनच्या कंपनीशी करार करत असाल, तर तो मराठीत समजून घेऊन सही करा. दर, किती ब्रिक्सला तोड, माल नाकारण्याची कारणे, पैसे किती दिवसांत, उशिराचे व्याज आणि मालकी बदलली तर नवा मालक बांधील राहील का, या सहा गोष्टी लेखी हव्यात. एकट्याने बोलण्यापेक्षा दहा-वीस जणांनी गट करून बोलावे. सहकाराचा धडा आपल्याला नवा नाही.

आणि सगळा ऊस मोडून द्राक्षाच्या मागे लागू नये. ठिबकवरच्या द्राक्षाला पाटपाण्याच्या उसाच्या मानाने पाणी निम्म्याहूनही कमी लागते. उजनीचे आवर्तन लांबते त्या वर्षी हा फायदा मोठा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण द्राक्षाला रोजचे लक्ष, फवारणीचा खर्च आणि मजूर लागतात, आणि एक गारपीट सगळे धुऊन नेते. एकर-दीड एकरावर, घरातले माणूस राबणार असेल तर करावे. बाकी क्षेत्र उसाला ठेवून त्यालाही ठिबक जोडावे. दोन्ही पिके एकमेकांना सांभाळून घेतात.

सभासदांनी माती-पाण्याचे नमुने द्यायचे असल्यास किंवा करार वाचून घ्यायचा असल्यास आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यामार्फत ऊस विकास विभागाकडे यावे. सहीच्या आधी यावे, नंतर नव्हे.